बिऱ्हाड पाठीवर

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आम्ही आजवर बदलीच्या नोकरीतल्या माणसांविषयी वापरत आलो. गेल्या सप्टेंबरात ती आम्हालाच लागू पडली. कॅलिफोर्नियातील सॅन होजे ते न्यू मेक्सिकोतील आल्बुकर्की हा सुमारे सतराशे किलोमीटरांचा रस्ता आम्ही उभयतांनी भाड्याच्या मोटरहोममधून चार दिवसांत कापला. बरोबर मनी ही आमची वृद्ध मांजर होती. रस्त्याच्या टोकाला आमचा मित्र होता, पुण्यातल्या महाविद्यालयापासूनचा. त्याची पत्नी जाऊन सात महिने झाले होते, आणि आम्ही अजून त्याला भेटलो नव्हतो.

न जाण्याचे कारण म्हणून आम्ही मनीला पुढे करीत असू. तिला दिवसातून दोनदा औषध द्यावे लागते, परक्याच्या हातून ती ते घेत नाही, विमान तिला सोसत नाही. यातले काहीही खोटे नव्हते. पण शोकाच्या घरात शिरायला आम्ही भितो, हे मान्य करण्यापेक्षा मांजराच्या मूत्रपिंडाविषयी बोलणे सोपे होते. मोटरहोमची कल्पना सुचली तेव्हा हायसे वाटले. मनीही येईल आणि मित्रावर आमच्या जेवणाखाण्याचा, अंथरुणा-पांघरुणाचा भारही पडणार नाही! लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) या आत्मकथनात गाढवाच्या पाठीवरचे बिऱ्हाड ही पोटाची सक्ती आहे. आमचे बिऱ्हाड शेगडी, पलंग आणि पाण्याच्या टाकीसह, कुणाच्या दारात कशाची गरज पडू नये म्हणून भाड्याने घेतलेले होते.

पहिल्या दिवशी वाटेत सालिनास लागले. जॉन स्टाइनबेक यांचे हे जन्मगाव. १९६० साली चार्ली नावाच्या कुत्र्यासह ज्या ट्रकमधून ते अमेरिका पाहायला निघाले, तो मागे खोली बांधून घेतलेला ट्रक इथल्या संग्रहालयात ठेवला आहे. दोन किहोतेच्या घोड्यावरून त्यांनी त्याचे नाव रोसिनान्ते ठेवले होते. ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ (१९६२) हे त्या प्रवासाचे पुस्तक आम्ही विद्यार्थिदशेत वाचले होते. त्यात चार्ली हा अनोळखी माणसांशी बोलणे सुरू करून देणारा दूत आहे. मांजराचे नेमके उलटे. मांजर सोबत असले की दार उघडे टाकता येत नाही, आणि शेजारच्या गाडीतला गृहस्थ गप्पांना आलाच तर त्याच्याशी फटीतून बोलावे लागते. कुत्रा प्रवाशाला जगाकडे ओढतो, मांजर त्याला घरात ठेवते. आमच्या तेव्हाच्या मनःस्थितीला ही सोबत फार सोयीची होती.

मोहावे वाळवंट ओलांडून नीडल्सला मुक्काम केला. पारा चाळिशीला टेकला होता. सकाळी निघताना मनी नाहीशी झाली. दार बंद, खिडक्या बंद, आणि मांजर नाही. या गाड्यांची एक भिंत मुक्कामी बाहेर सरकवून खोली रुंद करता येते, आणि त्या यंत्रणेत मांजर अडकून चिरडू शकते असे आम्हाला गाडी घेताना बजावले होते. भिंत आत ओढायचा धीर होईना आणि ओढल्यावाचून पुढे जाता येईना. दोन तासांनी ती पलंगाखालच्या खणामागे अंग चोरून बसलेली सापडली. त्या दोन तासांत आम्ही जेवढे कासावीस झालो, तेवढे वहिनींची बातमी आली तेव्हाही झालो नव्हतो. हे आम्हा दोघांनाही कळले होते. बोललो मात्र नाही.

फ्लॅगस्टाफचा थंड घाट चढून उतरून चौथ्या दिवशी आल्बुकर्की गाठले. तो हिरव्या मिरच्यांचा हंगाम होता. दुकानांबाहेर जाळीच्या पिंपांत मिरच्या भाजल्या जातात आणि त्यांचा वास रस्त्यावर दूरवर येतो. मित्र फाटकात उभा होता. त्याने आमच्यासाठी खोली झाडून, पलंगावर नव्या चादरी घालून ठेवल्या होत्या.

“अरे, आमची सगळी सोय गाडीतच आहे. तू त्रास घेऊ नकोस,” आम्ही म्हणालो.

तो गाडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “घर घेऊन आलात. मग माझ्याकडे कोण आलं?”

तरीही त्या रात्री आम्ही गाडीतच निजलो. त्याच्या स्वयंपाकघरातला दिवा उशिरापर्यंत जळत होता. स्टाइनबेक त्या प्रवासातल्या कित्येक रात्री ट्रकमध्ये नव्हे तर हॉटेलांत आणि ओळखीच्यांच्या घरी राहिले होते, असे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. आम्ही ती वाचकाची फसवणूक मानत असू. त्या रात्री वाटले, पाठीवर घर असलेल्यालाही दुसऱ्याच्या छपराखाली जावेसे वाटते, एवढाच त्याचा अर्थ. पुस्तकात ती गरज झाकली गेली, हे मात्र आता अधिक खटकते.

सकाळी उशा आणि मनीचा पिंजरा घेऊन आम्ही त्याच्या घरात गेलो. पिंजरा उघडताच मनी पलंगाखाली शिरली. मित्र जमिनीवर आडवा होऊन तिला बोलावू लागला. “ये बाई, ये. कुणी काही करत नाही तुला.” ती आली नाही. तो तसाच पडून राहिला आणि हळूहळू तिलाच सांगू लागला: रुग्णालयातली शेवटची रात्र, वहिनींनी मागितलेली मऊ खिचडी, ती घेऊन पोहोचायला झालेला उशीर. आम्ही त्याच्या मागे भिंतीला टेकून बसलो होतो. इतक्या महिन्यांत आम्ही फोनवर हे कधी विचारले नव्हते. त्याला ‘काळजी घे’ म्हणत होतो.

तीन रात्री त्या घरात राहिलो. निघताना पलंगावरच्या चादरी आम्ही धुवायला मागितल्या. त्याने दिल्या नाहीत.

“राहू देत,” म्हणाला, “थोडे दिवस तशाच राहू देत.”