उजेड वायव्येकडून

वाईचे भिंतीवर लावायचे नकाशे मी काढून, छापून विकले. पहिल्या आवृत्तीतल्या चुका घाईच्या नव्हत्या. नकाशा शोभेचा आहे, तर थोडं इकडचं तिकडे चालेल, असं मी गृहीत धरलं आणि तिथेच चुकलं.

सर्वांत मोठी चूक डोंगरांची. उत्तरेच्या अंगाला पांडवगड, आग्नेयेला वैराटगड, पश्चिमेला पसरणीच्या घाटावरचं पाचगणीचं पठार आणि मधोमध कृष्णेचं खोरं. हिवाळ्यात सकाळचं ऊन आग्नेयेकडून येतं, म्हणून उतारांच्या छाया मी तशाच रंगवल्या. उत्तर वर असलेल्या नकाशात मात्र उजेड वायव्येकडून, म्हणजे डाव्या वरच्या कोपऱ्यातून येतो असं धरायची रीत आहे, कारण आपल्या डोळ्यांना वरून पडणाऱ्या उजेडाची सवय असते. माझ्या कागदावर खोरं फुगून वर आलं आणि गड खड्ड्यात गेले.

दुसरी चूक ढोल्या गणपतीच्या देवळाची. सरदार रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती आहे. पुराचं पाणी तिच्यावर येऊन दुभंगतं. चित्र देखणं दिसावं म्हणून मी देऊळ फिरवलं आणि भिंतीचं टोक प्रवाहाच्या खालच्या बाजूला गेलं. ज्या बुद्धीने ते बांधलं, तीच मी पुसून टाकली.

कागदाला जुना पिवळट रंग दिला, अक्षरं पेशवाई वळणाची काढली आणि त्यातच धोमचा जलाशय निळा रंगवला. ते धरण 1970च्या दशकातलं. पाण्याखाली गेलेली शेतं ज्यांची होती, त्यांच्या दृष्टीने हा दोन काळांचा घोळ साधा नव्हता.

प्रमाणाचंही तसंच. ‘1 सेंटिमीटर = इतके मीटर’ असं आकड्यात लिहून तीच प्रत ए-4 वरून ए-2 वर मोठी केली. लांबी दुप्पट झाली, तेव्हा 1 सेंटिमीटरमागचे मीटर निम्मे व्हायला हवे होते. आकडा मात्र तोच राहिला. रेखाप्रमाण, म्हणजे मापाची पट्टी, काढलं असतं, तर ते नकाशाबरोबर आपोआप वाढलं असतं.

वाईचा माणूस नकाशा हाती येताच आधी आपली आळी शोधतो: गंगापुरी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह. कृष्णाबाईचा, म्हणजे नदीचा, उत्सवही घाटाघाटाचा वेगळा असतो. ज्याचं गाव आहे, त्याला त्यात आपली जागा सापडलीच पाहिजे. म्हणून आता कच्ची प्रत घेऊन घाटांवरून फिरल्याशिवाय छपाई करायची नाही आणि नकाशा कोणत्या काळाचा आहे ते कोपऱ्यात लिहायचं, असं ठरवलं आहे. जुनी प्रत घेतलेले जे जे सापडले, त्यांना नवी बदलून दिली. उरलेल्या प्रती अजून कुणाच्या तरी भिंतीवर आहेत. त्या चुकीच्या आहेत, हे सांगणं माझंच काम आहे.