बिनशिक्क्याची बातमी

ताप पाहताक्षणी मी टायफॉइडचे निदान करीत नाही. रक्ताचा अहवाल येईपर्यंत थांबतो. हा नियम मीच एकदा विसरलो, त्याची ही कबुली.

७ मे २०२५ रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ झाले. ८ मेच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगितले. दुसऱ्या सकाळी माझ्या अंबरनाथच्या दवाखान्यात ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक आजोबा आले. नातू सैन्यात, जम्मूकडे. त्याचा फोन नव्हता. धीर देण्यासाठी मी ती बातमी खात्रीने सांगितली. ती खोटी निघाली.

डॉक्टरांचाही विश्वास आहे म्हटल्यावर आजोबा रात्रभर दूरचित्रवाणीसमोर बसले. पडद्यावर सायरन वाजला की त्यांना फॅक्टरीवरच हल्ला झाल्यासारखे वाटे. पुनःपुन्हा रक्तदाब मोजला, वाढलेला दिसला, म्हणून जादा गोळी घेतली. सकाळी न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. हाड मोडले नाही, हे सुदैव.

त्याच दिवशी, १० मे रोजी, वाहिन्यांनी कार्यक्रमांत सायरनचा आवाज वापरू नये, अशी सूचना शासनाने केली. एटीएम बंद राहणार, हा व्हॉट्सअॅपवरील संदेशही पीआयबीच्या तथ्य-तपासणी विभागाने खोटा ठरवला होता. सायंकाळी परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी पाच वाजल्यापासून लष्करी कारवाई थांबवण्याचे ठरल्याचे जाहीर केले.

म्हणून ज्येष्ठांना विनंती : बातम्या दिवसातून दोनदाच, ठरावीक वेळी पाहा; अधिकृत निवेदनाची वाट पाहा. झोपण्यापूर्वी तासभर संच बंद ठेवा. रक्तदाब पाच मिनिटे शांत बसल्यावरच मोजा आणि गोळीचा डोस मनाने वाढवू नका. छातीत दुखले किंवा धाप लागली, तर मात्र क्षणभरही थांबू नका. थेट रुग्णालय गाठा.

घरच्यांनो, त्यांना खोटा धीर देऊ नका. “अजून नक्की कळलेले नाही, कळले की सांगतो,” एवढे म्हणून जवळ बसा. फोन न येणे म्हणजे वाईट बातमी नव्हे, हेही समजावा.

पुढच्या आठवड्यात नातवाचा फोन आल्याचे सांगायला आजोबा आले. मी क्षमा मागितली. ते हसून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आमच्या फॅक्टरीत तपासणीचा शिक्का बसल्याशिवाय माल बाहेर जात नसे. तुम्ही मात्र बिनशिक्क्याची बातमी दिलीत.”