रवा, तांदूळ, काजळी

रवा. शिऱ्याचा नव्हे, कढत तुपातेलात टाकलेला धातूचा तुकडा. मराठेशाहीत वतनाचा तंटा कागदपत्रांनी आणि साक्षींनी मिटेना, की हा रवा देवळात, गोतापुढे, हाताने काढायचा. आधी हात धुऊन नखं काढत (नखांत औषध दडवणारेही असणार). मग हातावर पिशवी, पिशवीवर मोहोर. तिसऱ्या दिवशी पिशवी सोडायची. हात साफ निघाला तर माणूस खरा आणि देशमुखी त्याची. ‘दिव्य’ म्हणजे हे. आता सकाळची विरार लोकल पकडणं हेही दिव्यच.

भाळपत्र. दाव्याचा मजकूर लिहिलेला कागद, दिव्याला उतरणाऱ्याच्या कपाळी बांधलेला.

राजीनामा. निवाडा मान्य करू, असं पक्षकार आधीच लिहून देत, तो कागद. शब्द उरला, पण खुर्ची सोडण्यापुरता.

बेलभंडारा. शपथ घेताना उचलायचा देवाचा बेल आणि हळद. उचलल्यावर लगेच काहीच होत नसे. देवाला सवड होती. कोशदिव्यात मात्र याज्ञवल्क्याने मुदत घातली आहे. देवाच्या स्नानाचं पाणी प्यायचं. 14 दिवसांत मोठं अरिष्ट आलं नाही तर सुटका.

तांदूळ. हे चोरीच्या संशयितासाठी. चावून पिंपळपानावर थुंकायचे. रक्त दिसलं, अंग कापलं, की चोर. सगळ्या दिव्यांत मला हेच शहाणं वाटतं. भ्यालेल्याच्या तोंडाला कोरड पडते आणि कोरड्या तोंडात तांदूळ हिरड्या ओरबाडणारच. पण चोरी न करताच जो भ्याला, त्याचं काय?

काजळीचा कागद. 1921 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा पोलीस जॉन लार्सन याने खोटं पकडायला श्वास आणि रक्तदाब एकाच वेळी टिपणारं यंत्र जुळवलं, पॉलिग्राफ. काजळी धरलेल्या कागदावर टोक सरकायचं, पांढरी रेघ उमटायची. पुढे शाईच्या सुया आल्या, कागदाची गुंडाळी आली, लिओनार्ड कीलरने घामाचीही नोंद जोडली. आता सुयाही गेल्या. रेघा पडद्यावर उमटतात. भ्यालेल्या साध्या माणसाचा प्रश्न तिथेही तसाच. 2010 मध्ये सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संमतीवाचून कुणाचीही पॉलिग्राफ किंवा नार्को चाचणी करता येणार नाही. म्हणजे आधी राजीनामा हवाच.

गळ्याची शपथ. कंठाची कातडी चिमटीत धरून घ्यायची. खोटी घेतली तर आई मरते, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून लगेच मागून पुटपुटायचं, ‘शपथ सुटली.’ परवा नातवाला म्हटलं, फुलदाणी तू फोडली नाहीस ना, मग घे गळ्याची शपथ. तो म्हणाला, ‘‘आजोबा, सीसीटीव्ही बघा ना.’’