खिडकीची फट

थंडी पडली की तुम्ही काय करता? कपाटातून स्वेटर काढता, गोधड्यांना ऊन दाखवता आणि डिंकाचे लाडू करायला घेता. सांगलीला होते तोवर मीही तेच करत होते. ह्यांची बदली मनालीला झाली आणि थंडी कशाला म्हणतात ते कळलं! सहा हजार फुटांवरचं गाव. जानेवारीत रात्री पारा शून्याच्या खाली जातो, नळ गोठतात, आणि खोबरेलाच्या बाटलीचा दगड होतो तो मार्चपर्यंत. बर्फ पडलं की वीज हमखास जाते, त्यामुळे विजेचा हीटर शोभेपुरता.

इथे घरोघरी 'तंदूर' असतो. रोटीचा नव्हे बरं का! पत्र्याची पेटी, तिला पाय, पुढे लाकूड घालायचं दार आणि छपराबाहेर गेलेली पत्र्याची धुराडी नळी. काश्मीरकडे त्याला बुखारी म्हणतात. वर किटली ठेवावी, भोवती बसून शेंगा खाव्यात. मी तर त्याच्या प्रेमातच पडले. आपल्या अंघोळीच्या बंबाचाच हा थोरला भाऊ, लहानपणापासून बंब पेटवलेल्या बाईला ह्यात काय शिकायचं, असं मला वाटलं. पण बंब आपण परसात नाहीतर मोरीत पेटवतो, आणि हा पेटतो निजायच्या खोलीत. हा फरक काही माझ्या डोक्यात आला नाही.

आमची घरमालकीण मोठी प्रेमळ बाई. दिवाळीतच तिने बजावलं होतं, "बेटी, महिन्यातून एकदा नळी उतरवून झाडायची." मी 'हो' म्हटलं. पण खोलीला नुकताच रंग दिला होता, काजळी भिंतीवर उडेल म्हणून आज-उद्या करत राहिले. आणखी एक शहाणपण केलं. खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबून वरून कणकेच्या खळीने वर्तमानपत्र चिकटवलं. वारा अगदी बंद! सासूबाईंनी कौतुक केलं, मीही मिरवलं.

जानेवारीतली रात्र. मी इथल्या शाळेत अर्धवेळ शिकवते, तिला हिवाळी सुट्टी होती. दोन दिवस बर्फ पडत होतं. लाकूड सकाळपर्यंत पुरावं म्हणून मी निजताना दोन जाड ओंडके घातले, तेही ओलसर, आणि हवेची झडप जवळजवळ मिटून टाकली. काटकसर हो!

तीनच्या सुमारास धाकटी रडत उठली आणि ओकली. मी उठले तर डोकं फुटतंय, गुडघ्यांत बळ नाही. सासूबाई कण्हत म्हणाल्या, "माझंही डोकं धरलंय गं. रात्रीचा राजमाच बाधला सगळ्यांना." मलाही तेच वाटलं. एकाच वेळी घरातल्या सगळ्यांना कसं बाधलं, हे मनात आलंच नाही. पोरीचं तोंड धुवायला नळाला पाणी नव्हतं. बाहेरचं बर्फ घ्यावं म्हणून तिला काखोटीला मारून दार उघडलं, ओट्यावर आले. गार हवा लागली आणि थोड्या वेळाने ती रडायची थांबली. माझंही डोकं जरा उतरलं. तेव्हा कुठे उजेड पडला! हे एवढ्या गडबडीत जागे झाले नव्हते. हाका मारल्या तर नुसतं पुटपुटले. दारं सताड उघडून, सासूबाईंना हाताला धरून आणि ह्यांना अक्षरशः ओढत बाहेर काढलं. मालकीणबाईंना हाक मारली. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखाना गाठला. चौघांनाही ऑक्सिजन लावला.

डॉक्टरांनी सांगितलं तो वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. हवा कमी पडली की लाकूड नुसतं धुमसतं आणि हा वायू तयार होतो. धूर दिसला नाही म्हणून निर्धास्त राहू नका, निखारेही तो सोडतात. बाहेर जायची वाट म्हणजे ती नळी. दुसऱ्या दिवशी उतरवली तेव्हा आत काळं, चकचकीत डांबर साचून जेमतेम बोटभर पोकळी उरली होती. ओल्या लाकडाचा गार धूर नळीत थिजतो त्याचं हे डांबर. ते पेटलं तर नळी लाल होऊन घोंघावते. तसं झालं तर आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि अग्निशामक दलाला बोलवायचं. झटकन बंद करता आली तरच हवेची झडप बंद करायची. तापल्या पत्र्यावर पाणी मात्र मुळीच ओतायचं नाही.

आता माझ्याकडे नळी दर महिन्याला उतरते, भिंत काळी झाली तर झाली. जोडताना वरच्या नळीचं तोंड खालच्या नळीच्या आत बसवायचं, म्हणजे ओघळ बाहेर येत नाही. लाकूड निदान सहा महिने आडोशाला वाळलेलं हवं. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणटण वाजले पाहिजेत, ओलं लाकूड बदबद वाजतं. इथे सफरचंदाच्या बागांची छाटणी होते, तिच्या फांद्या छान जळतात. पेटवायला रॉकेल नाही, ढलप्या पुरतात. वाळत घातलेले कपडे तीन फूट लांब. आणि राख? ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर. विझली असं वाटलं तरी आत निखारा दोन-तीन दिवससुद्धा जिवंत असतो. ह्यांनी भिंतीवर त्या वायूची वर्दी देणारं डबीएवढं यंत्रही लावलंय. दर महिन्याला बटण दाबून ते वाजतं का बघते.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठला आलाय तंदूर? पण बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी आठवा. दारं-खिडक्या लावून शेक, वावडिंग-ओव्याची धुरी, आत आठ दिवसांचं बाळ. माझ्या वेळी आम्हीही केलंच की! तंदुराला निदान नळी असते, शेगडीला तीही नाही. ह्यावरून सासूबाईंचं आणि माझं थोडं वाजलं. "आमची पाच पोरं शेगडीवरच वाढली," म्हणाल्या. मी गप्प बसले. पुढे माझी नणंद बाळंत झाली तेव्हा त्यांनीच फोनवर सांगितलं, "शेगडी नको गं. गरम कपड्याने शेक."

रात्री तंदूर पुरता विझल्याशिवाय आम्ही निजत नाही. खिडकीवरचा कागद मी त्याच दिवशी फाडला. निजण्यापूर्वी सासूबाई फटीपाशी हात धरून उभ्या राहतात. गार वारा बोटांना लागला की "येतोय गं," म्हणतात आणि मग दिवा मालवतात.