दार्जिलिंगला जाताय? एक दिवस सियालदहला द्या

दार्जिलिंग मेल सियालदहहून रात्री सुटते. त्यामुळे बहुतेक मराठी कुटुंबं कोलकात्याच्या या स्टेशनवर सामान सांभाळत बसून राहतात. खरं तर सामान क्लोकरूममध्ये ठेवून बाहेर पडलात, तर खरेदी, खाणंपिणं आणि रात्रीची रौनक, सगळं इथेच सापडेल. मुंबईहून हावड्याला उतरलात तरी काळजी नको. ऑगस्ट 2025 पासून हुगळी नदीखालून धावणारी मेट्रो थेट सियालदहला आणून सोडते.

खरेदी

महात्मा गांधी रोडने पंधरावीस मिनिटं चाललं, की कॉलेज स्ट्रीट लागतो. फुटपाथवर जुन्या-नव्या पुस्तकांची रांगच रांग. भाव मात्र जरूर करा. साड्यांची जुनी दुकानंही याच रस्त्यावर आहेत. टांगाईल साडी बघितल्याशिवाय परतू नका. सुती, हलकी आणि आपल्या उन्हाळ्याला अगदी साजेशी.

या साडीमागे सियालदहचीच कहाणी आहे. 1947 च्या फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली हजारो निर्वासित कुटुंबं याच फलाटांवर राहिली. तिथेच चूल मांडली, तिथेच मुलं वाढवली. पूर्व बंगालमधल्या टांगाईलचे विणकर पुढे फुलियाला स्थायिक झाले आणि त्यांनी पुन्हा माग उभे केले. हे फुलिया सियालदहहून शांतिपूर लोकलच्याच मार्गावर आहे. घर गेलं, पण हातातली कला गेली नाही. साडी घेताना हे मुलींना जरूर सांगा.

खाणंपिणं

दुपारी ‘पाइस हॉटेल’मध्ये जेवा. कॉलेज स्ट्रीटजवळचं ‘स्वाधीन भारत हिंदू हॉटेल’ प्रसिद्ध आहे. भात, डाळ, भाजी, मासे, प्रत्येक पदार्थाचे पैसे वेगळे. मासे खात असाल तर मोहरीच्या वाटणातला इलिश, म्हणजे आपल्याकडचा पाला, चाखून बघा. काटे फार असतात, मुलांना सांभाळून द्या. शाकाहारी मंडळींसाठी पोस्तो, म्हणजे खसखशीच्या वाटणातला बटाटा, उत्तम.

उन्हाने जीव कासावीस झाला, तर 1918 पासून चालणाऱ्या ‘पॅरामाउंट’मध्ये शहाळ्याचं सरबत प्या. गोडासाठी बहूबाजारातल्या भीम नागकडचे संदेश घ्या. थंडीत गेलात, तर नव्या खजुरी गुळाचेच मागा.

रात्रीची रौनक

इथली रात्र क्लबातली नाही, बाजारातली आहे. स्टेशनजवळच्या कोले मार्केटमध्ये रात्रभर भाजीचे ट्रक येतात. डोक्यावर मोठमोठ्या टोपल्या घेतलेले हमाल वाट काढत पळत असतात. शहर झोपलेलं असताना त्याच्या उद्याच्या जेवणाची तयारी इथे चाललेली असते. कडेला उभं राहून मातीच्या भांड्यातला चहा घेत हे दृश्य बघा. वाट मात्र अडवू नका.

संध्याकाळी पाच ते आठ लोकलची गर्दी मुंबईच्या तोडीची असते. मुलांचा हात घट्ट धरा, पर्स पुढे ठेवा आणि गाडीच्या तासभर आधी फलाटावर पोहोचा. ज्या फलाटांवर कधी हजारोंनी आयुष्य नव्याने सुरू केलं, तिथून दार्जिलिंगची सहल सुरू होते आहे, एवढं मनात असू द्या.