आठवारी

तर झालं असं, की एडिंबऱ्यात सहा वर्षं काढल्यावर माझ्यावर किल्ट घ्यायची वेळ आली. टीममधल्या मित्राचं लग्न. तो मॅकेंझी. म्हणाला, "भाड्याचा आणू नकोस, स्वतःचा शिवून घे. आणि टार्टन आमचंच घे, तू घरचाच आहेस."

चांगल्या लोकरी किल्टला आठ वार कापड लागतं हे कळल्यावर पहिल्यांदा आजीचं नऊवारी आठवलं. फरक एवढाच, की इथे निऱ्या पुढे नाहीत, मागे. आणि कारागीर चौकड्याचा हिशोब असा जुळवतो, की निऱ्या घातल्यावरही नक्षी अखंड दिसते. दुकानदाराने सोळा औंसी कापड सुचवलं. जड कापडाच्या निऱ्या नीट बसतात आणि वाऱ्याला दाद देत नाहीत. (एडिंबऱ्याचा वारा ज्यांनी खाल्लाय त्यांना हे लगेच पटेल!) असा किल्ट वर्षानुवर्षं टिकतो. म्हणजे टार्टन चुकलं, तर तेही वर्षानुवर्षं मिरवायचं.

मॅकेंझी टार्टन मला आवडलं होतंच. निळं-हिरवं, त्यात पांढरी आणि तांबडी बारीक रेघ. ऑर्डर द्यायच्या आदल्या रात्री सवयीप्रमाणे वाचत बसलो. आम्ही हेडफोनसुद्धा पंधरा रिव्ह्यू वाचल्याशिवाय घेत नाही. तर हे टार्टन ७८व्या हायलँडर्स पलटणीचं. आणि ही पलटण २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीबरोबर असईला होती, शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर. असई, जिल्हा जालना. माझं आजोळ भोकरदनचं.

रागबिग काही आला नाही. दोनशेहून जास्त वर्षं झाली. पण ते कापड मग अंगावर घ्यावंसं वाटेना.

आता मित्राला नाही कसं म्हणायचं? पुढे वाचलं तर कळलं, की अमुक कुळाचं अमुक टार्टन ही शिस्त काही फार पुरातन नाही. १७४६ च्या कायद्याने सैन्याबाहेरच्या हायलँडी पुरुषांना हा पोशाखच बंद केला. १७८२ मध्ये बंदी उठली. १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबऱ्याला आला तेव्हा वॉल्टर स्कॉटने सगळा समारंभ टार्टनमय करून टाकला, आणि मग जो तो आपल्या कुळाचं टार्टन शोधायला लागला. शिवाय कुळांसारखीच गावांची आणि प्रांतांचीही टार्टन असतात.

हे वाचून हसूच आलं. आमचं आडनाव '-कर'वालं. गावावरून माणूस ओळखायची आपली जुनीच पद्धत! सहा वर्षं ज्या गावाचं पाणी पितोय, त्याचंच टार्टन घ्यावं. एडिंबरा.

सोमवारी मित्राला असईचं सगळं सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "शाळेत आम्हाला हे कोणी शिकवलं नाही." मी म्हटलं, "आम्हाला शिकवलं, पण आम्ही सन पाठ केला आणि पेपर झाल्यावर विसरलो." त्याने नकाशावर असई शोधायला लावलं. आजोळही दाखवलं.

लग्न छान झालं. रात्री आईला फोटो पाठवले. तिला ना कूळ दिसलं, ना पलटण.

"निऱ्या छान घातल्यात रे," म्हणाली, "पण मागे का?"