लोणचं द्रव की घन?

आमच्या हॉस्टेलमध्ये कुणी विमानाने निघालं, की त्याची बॅग तो एकटा कधीच भरत नाही. अख्खी विंग भरते. एकजण मेसमधून वजनकाटा पैदा करतो, दुसरा बॅग हाताला टांगून "सात किलोच्या वर आहे रे" असं छातीठोक सांगतो, आणि तिसरा, जो स्वतः कधी विमानात बसलेला नाही, तो सगळ्यात जास्त सल्ले देतो. मागच्या उन्हाळ्यात मी इंटर्नशिपसाठी दोन महिने जर्मनीला जाऊन आलो, तेव्हापासून या समितीचं अध्यक्षपद आपोआप माझ्याकडे आलंय. आणि अध्यक्षांना प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, "हे हँडबॅगेत चालेल का?"

"हे" म्हणजे शांपू, डिओ, खोबरेल तेलाची निळी बाटली, शेव्हिंग क्रीम, आणि अर्थातच आईने दिलेला खाऊ!

नियम तसा दोन ओळींचा आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बॅगेत कुठलाही द्रव पदार्थ १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत न्यायचा नाही. अशा सगळ्या छोट्या बाटल्या एक लिटरच्या, बंद होणाऱ्या पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत, आणि पिशवी माणशी एकच. यातली मेख अशी, की बाटलीत किती उरलंय ते मोजत नाहीत, बाटलीवर काय छापलंय ते बघतात. २०० मिलीच्या बाटलीत तळाला चमचाभर शांपू असला तरी ती बाटली गेली. औषधं आणि तान्ह्या बाळाचं दूध यांना सूट आहे, पण ते वेगळं काढून दाखवावं लागतं.

टूथपेस्टची गंमत तर आणखी वेगळी. नियम मिलीत आणि आपल्याकडच्या ट्यूबवर वजन छापलेलं ग्रॅममध्ये! पेस्टची घनता साधारण १.३ धरली, तर १०० ग्रॅमची ट्यूब ७७ मिलीच्या आसपास येते, म्हणजे पास. १५० ग्रॅमची ११५ मिली, म्हणजे नापास. हे गणित तिथे ट्रेपाशी उभं राहून मांडायच्या भानगडीत मात्र पडू नका. मागे रांग असते.

पण मुळात टूथपेस्ट द्रव आहे का? फ्लुइड मेकॅनिक्सच्या पहिल्याच लेक्चरला आपण लिहून घेतो, की कितीही लहान शिअर स्ट्रेस दिला तरी जो सतत विरूप होत राहतो तो फ्लुइड. टूथपेस्ट त्यात बसत नाही. ती बिंगहॅम प्लॅस्टिक, ठरावीक स्ट्रेसपर्यंत ढिम्म हलत नाही. ब्रशवर म्हणूनच तर उभी राहते. श्रीखंडाचंही तसंच. तूप तर ऋतूप्रमाणे पक्ष बदलतं, डिसेंबरात घन आणि मे महिन्यात द्रव. विमानतळाची व्याख्या आपल्या पुस्तकाहून सोपी आहे. जे ओतता येतं, फवारता येतं, दाबून काढता येतं किंवा पोळीला फासता येतं, ते सगळं द्रव. जॅम द्रव, चटणी द्रव, जेल द्रव. आणि लोणचंही द्रव.

लोणच्यापाशी मी जरा थांबणार आहे, कारण हा सगळा लेखच त्याच्यामुळे लिहायला घेतलाय.

जर्मनीला जाताना सुरक्षा तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे एक काकू होत्या. साठीच्या आसपास, सांगलीकडच्या, एकट्याच आणि पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या. रांग हलत नव्हती, त्यामुळे गप्पा झाल्या. अमेरिकेत लेकीला सातवा महिना लागला होता. तिला दुसरं काही नको होतं, आईच्या हातचं लिंबाचं लोणचं हवं होतं. मोठी बॅग तेवीस किलोला टेकलेली आणि सामानाच्या फेकाफेकीत बरणी फुटायची भीती, म्हणून काकूंनी ती शालीत गुंडाळून खांद्याच्या पिशवीत घेतली होती. काचेची बरणी, झाकणावर फडकं बांधलेलं.

पिशवी यंत्रातून गेली आणि बाजूला काढली गेली. जवानाने बरणी उचलली. आवाज जराही न चढवता म्हणाला, "माताजी, ये अंदर नहीं जाएगा."

"लोणचं हाय ते. पाणी कुठंय त्यात?" काकूंनी मराठीतच विचारलं, आणि मग माझ्याकडे बघितलं. दुभाषा मीच होतो. परत जाऊन मोठ्या बॅगेत ठेवता येईल, असं जवानाने सुचवलं, पण बॅग केव्हाच पट्ट्यावरून गेली होती. बाहेर कुणी असेल तर त्याच्याकडे द्या म्हणाला. सोडायला आलेला मुलगा सांगलीची गाडी धरून निघाला होता.

"पण का म्हणून?" काकूंनी मला विचारलं. प्रश्न रास्त होता. मला जे माहीत होतं ते मी त्यांना दोन मिनिटांत सांगितलं. तुम्हाला जरा सविस्तर सांगतो.

१० ऑगस्ट २००६ या दिवशी ब्रिटिश पोलिसांनी एक कट उधळल्याचं जाहीर केलं. लंडनहून अमेरिका आणि कॅनडाकडे जाणाऱ्या विमानांत थंड पेयाच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं न्यायची आणि ती हवेत उडवायची, असा तो बेत होता. त्या दिवशी ब्रिटनच्या विमानतळांवर हँडबॅगच बंद झाली. पासपोर्ट, पाकीट, गरजेची औषधं एवढंच, तेही पारदर्शक पिशवीत. बाळाचं दूध न्यायचं तर आईने ते कर्मचाऱ्यांसमोर स्वतः चाखून दाखवायचं. असं फार दिवस चालणार नव्हतं, म्हणून मधला मार्ग निघाला. सप्टेंबरच्या अखेरीस अमेरिकेने आणि ६ नोव्हेंबर २००६ पासून युरोपियन युनियनने छोट्या बाटल्या आणि एका पिशवीचा नियम लावला, पुढे तो जगभर पसरला. २००९ मध्ये लंडनच्या न्यायालयात तिघांवर विमानं उडवण्याच्या कटाचा गुन्हा शाबीत झाला.

ही भीती हवेतली नव्हती. त्याआधी १२ वर्षं, ११ डिसेंबर १९९४ रोजी, मनिलाहून सेबूमार्गे टोकियोला निघालेल्या फिलिपीन एअरलाइन्सच्या विमानात असा स्फोट झालाही होता. कॉन्टॅक्ट लेन्सच्या बाटलीतून स्फोटक द्रव आत आलं होतं, आणि ते सीटखाली ठेवणारा माणूस सेबूलाच उतरून गेला होता. एक जपानी प्रवासी त्यात मेला. वैमानिकाने विमान कसंबसं ओकिनावातल्या नाहाला उतरवलं, म्हणून बाकीचे वाचले.

काकूंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे तिकडं कुणीतरी बाटलीत काहीबाही भरलं, पकडला बी गेला, आणि माझं लोणचं हितं ठेवायचं व्हय?"

मला उत्तर सुचलं नाही. काकूंनी फडक्याची गाठ सोडली, एक फोड काढून माझ्या हातावर ठेवली. "खा बाळा, कुणाच्या तरी पोटात जाऊ दे." जवानालाही विचारलं. त्याने हसून हात जोडले, ड्यूटीवर होता. मग बरणी त्या मोठ्या डब्यात गेली, आणि काकू शालीची घडी घालून पुढे निघाल्या.

विमानात बसल्यावर मी बराच वेळ जवानाची बाजू घेऊन बघितली. त्याच्यापुढच्या नेहमीच्या एक्स-रे यंत्रात दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे किरण सामानातून जातात, आणि किती शोषले गेले त्यावरून पदार्थाला रंग मिळतो. धातू निळे दिसतात, सेंद्रिय पदार्थ नारिंगी. आता पाणी नारिंगी, शांपू नारिंगी, लोणचं नारिंगी आणि ज्याला घाबरायचं तेही नारिंगीच! त्यात चित्र सपाट, एकावर एक वस्तू आलेल्या, आणि हाताशी काही सेकंद. इन्स्ट्रुमेंटेशनच्या भाषेत बोलायचं, तर सेन्सरला दोन गोष्टींतला फरक ओळखता येत नाही. मग डिझायनर काय करतो? इनपुटवरच मर्यादा घालतो. द्रव ओळखता येत नाही ना, मग आत येणारी मात्राच इतकी कमी ठेवा, की चूक झाली तरी अनर्थ होऊ नये. १०० मिली हा आकडा या विचारातून आलाय.

इंजिनिअर म्हणून मला हा तोडगा मान्य आहे. तो सोपा आहे, बाटलीवरचा आकडा वाचून कुणालाही लावता येतो, त्याला प्रवाशाचं तोंड बघून अंदाज बांधावा लागत नाही. मंत्र्याची बाटली आणि माझी बाटली सारखीच. पण प्रत्येक तोडग्याची किंमत कुणीतरी भरतं. नेहमी उडणारा माणूस ती भरत नाही. त्याच्याकडे छोट्या बाटल्यांचा सेट असतो, आणि नसला तरी तपासणीनंतरच्या दुकानात अत्तर सीलबंद पिशवीत मिळतं. किंमत भरतो तो पहिल्यांदा जाणारा, ज्याला पाटीवरची भाषा वाचता येत नाही आणि ज्याच्या पिशवीत दुकानात न मिळणारी वस्तू असते.

आता यंत्रं बदलतायत. दवाखान्यातल्या सीटी स्कॅनसारखी नवी यंत्रं बॅगेचं सगळ्या बाजूंनी त्रिमित चित्र काढतात आणि पदार्थाच्या घनतेचा अंदाज देतात. ब्रिटन आणि युरोपातल्या काही विमानतळांवर ती बसली, तिथे दोन लिटरपर्यंतच्या बाटल्यांना मुभा मिळाली. मग २०२४ मध्ये युरोपियन युनियनने १ सप्टेंबरपासून १०० मिलीची मर्यादा पुन्हा आणली, आणि २०२५ मध्ये काही यंत्रांपुरती ती परत उठवायची वाट मोकळी केली. थोडक्यात, जाताना चालेल ते येताना चालेलच असं नाही. आपल्याकडे देशातल्या देशात फिरताना पाण्याची बाटली बहुतेक वेळा सोडतात, त्या सवयीने परदेशी निघालेला फसतो.

असो. नियम बदलेल तेव्हा बदलेल, तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातलं कुणी ना कुणी आज ना उद्या पहिल्यांदा विमानात बसणार आहे. कदाचित आपल्याच पदवीदान समारंभाला, एम. एस. संपल्यावर! तिकीट आपण ऑनलाइन काढून देतो, सीट खिडकीची घेतो, आणि बॅगेचं मात्र "बघा तुम्ही" म्हणून सोडून देतो. तर दिवाळीला घरी जाल तेव्हा अर्धा तास काढा आणि आई-बाबांना, आजीला हे मराठीत समजावून सांगा. मेतकूट, चकली, डिंकाचे लाडू हातातल्या बॅगेतून जातात. सुकं खोबरं कुठल्याच बॅगेत ठेवू नका. त्यातलं तेल आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून धोकादायक मालाच्या यादीत त्याला १३६३ हा स्वतंत्र क्रमांक आहे. कस्टमचे नियम वेगळे असतात हेही सांगा. युरोपात तूप मोठ्या बॅगेतूनही नेता येत नाही.

आणि लोणचं प्लॅस्टिकच्या बरणीत भरायचं, दोन पिशव्यांत बांधायचं आणि मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवायचं. तेवीस किलोत बसत नसेल तर दोन जीन्स कमी करा. जीन्स तिकडेही मिळतात.